टेक्सास की कॅलिफोर्निया: स्वतंत्र काम करणाऱ्यांचा राज्यकर

घरून काम, क्लायंट दुसऱ्या राज्यात. अमेरिकेतली आपली कितीतरी मंडळी आज अशीच कमावतात आणि ‘टेक्सासला गेलो की राज्यकर संपला’ असं धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर हिशेब सरळ आहे, पण जड. क्लायंट कुठलाही असो, सगळ्या कमाईवर १ ते १२.३ टक्के. एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढलीत तर नफा नसला तरी वर्षाला किमान ८०० डॉलर. आगाऊ कराचे हप्तेही केंद्रासारखे समान नाहीत: ३०, ४०, शून्य, ३० टक्के. जूनचा ४० टक्क्यांचा हप्ता नवख्यांना हमखास अडचणीत आणतो.

टेक्सासमध्ये व्यक्तिगत उत्पन्नावर राज्यकर नाही. खरी मेख क्लायंटच्या पत्त्यात आहे. तुम्ही एकल व्यावसायिक (कंपनी न काढता स्वतःच्या नावावर काम करणारे) असाल आणि सेवेचा लाभ कॅलिफोर्नियातल्या क्लायंटला मिळत असेल, तर कॅलिफोर्निया ती कमाई आपल्याकडचीच मानतं. २०१९ मध्ये अ‍ॅरिझोनात बसून लिहिणाऱ्या एका पटकथालेखकाविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या कर-अपील कार्यालयाने हाच निकाल दिला. अशा वेळी अनिवासींचं ५४०एनआर विवरणपत्र भरावं लागू शकतं.

केंद्राचा १५.३ टक्के स्वयंरोजगार कर दोन्हीकडे सारखाच. टेक्सासात घर घेणार असाल तर तिथला भरभक्कम मालमत्ता करही धरा.

क्लायंट कॅलिफोर्नियाबाहेरचे असतील तर माझं मत निःसंशय टेक्सासला. बहुतेक कॅलिफोर्नियातलेच असतील, तर निव्वळ करासाठी बिऱ्हाड हलवू नका.