पणजोबा कधी गेले? जुनी निधनवार्ता, कोतवाल बुक की नाशिकची वही

वंशावळ मांडायला बसलं की आजोबांपर्यंत सगळं सुरळीत जातं आणि पणजोबांपाशी गाडी अडते. ते कधी गेले हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. 'प्लेगात गेले', 'स्वातंत्र्य मिळायच्या आधी', 'तुझे काका पाळण्यात होते तेव्हा' अशी उत्तरं मिळतात. मग कुणी जुनी वर्तमानपत्रं चाळायला सांगतं, कुणी तहसील कचेरीत पाठवतं, कुणी घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या नाशिकच्या उपाध्यांचं नाव घेतं. तिन्हीकडे काही ना काही हाती लागतं, पण तिन्हीकडचा माल वेगळा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: निधनवार्तेपासून शोध सुरू करू नये. साधारण तारीख हाती आल्यावर तिच्याकडे जावं. मग ती जे देते ते दुसरं कुठलंच दफ्तर देत नाही.

निधनवार्तेचं बलस्थान

तारीख हा निधनवार्तेतला सगळ्यात कमी मोलाचा भाग. खरा ऐवज शेवटच्या ओळींत असतो. 'त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, दोन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य इतकं ठरीव झालंय की डोळा त्यावरून घसरतो, पण तीन आणि दोन हे आकडे तुमच्या वंशावळीशी जुळतात का ते बघा. त्यापुढे 'अमुक यांचे ते वडील, तर अमुक यांचे सासरे होत' असं आलं असेल, तर जावयाचं आडनाव मिळालं, म्हणजे लेकीच्या सासरची वाट मिळाली. लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या मुली वंशावळीतून हमखास गळतात. त्यांना परत आणणारं याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

छोटी बातमी आणि पैसे देऊन छापलेली जाहिरात यांत फरक आहे. बातमी संपादकीय विभागाने कापलेली असते. जाहिरातीत मात्र घरच्यांना जे हवं ते सगळं येतं: शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं, बहुधा वडीलधाऱ्यांपासून धाकट्यांपर्यंत, राहता पत्ता, दशक्रिया कुठे आणि उत्तरकार्य कधी. ती हुकली तर वर्षभराने 'प्रथम पुण्यस्मरण' शोधा. त्यात तारीख तर असतेच, शिवाय वर्षभरात घरात आलेली नवी सूनही असते.

नावामागची बिरुदंही वाचावीत. बाईंच्या निधनवार्तेत 'सौ.' असेल तर त्या दिवशी नवरा हयात होता, 'गं. भा.' असेल तर तो आधीच गेलेला. म्हणजे पणजीची बातमी मिळाली की पणजोबांच्या मृत्यूची एक हद्द आपोआप ठरते.

आता तिची खोट. जुन्या काळी वर्तमानपत्रात नावानिशी कोण यायचं? वकील, मास्तर, सरकारी नोकर, व्यापारी, गावातला मोठा माणूस. शेतकरी, कारागीर, मजूर घरांतली माणसं तिथे क्वचितच भेटतात, आणि १८९६ नंतरचा प्लेग किंवा १९१८ चा इन्फ्लुएंझा यांत गेलेल्या बहुतेकांच्या वाट्याला छापील ओळ आलीच नाही. शिवाय मजकूर घरच्यांनीच दिलेला. भाऊबंदकीत नावं वगळली जातात, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी गाळली जाते, पहिल्या बायकोची मुलं मोजायची राहतात. यादीत नाव नाही म्हणून ते माणूसच नव्हतं असं धरू नका.

ती सापडायची कशी

इथेच बरेच जण दमतात. मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली पुण्यात केसरीवाड्यात आणि नगर वाचन मंदिरात, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, एशियाटिक सोसायटीत, तसंच जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या वाचनालयांत शोधाव्या लागतात. काहींचं स्कॅनिंग झालंय, पण जुन्या देवनागरी छपाईत शब्द टाकून शोधण्यावर भरवसा ठेवता येत नाही. पान उघडून डोळ्यांनीच बघावं लागतं. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक शब्दशोधासह उपलब्ध आहेत, तेही बहुधा मोठ्या ग्रंथालयाच्या वर्गणीतून. तिथे अडचण स्पेलिंगची. 'वैद्य' व्हीने की डब्ल्यूने, शेवटी ए आहे की नाही, सगळी रूपं टाकून पाहावी लागतात.

कोणतं पत्र बघायचं तेही काळावर ठरतं. 'ज्ञानप्रकाश' १८४९ ते १९५१, 'केसरी' १८८१ पासून आणि सुरुवातीला साप्ताहिक, 'सकाळ' १९३२ पासून, 'लोकसत्ता' १९४८ पासून, 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ पासून. १९२५ साली गेलेल्या माणसाला 'सकाळ'मध्ये शोधणारे मी पाहिलेत. अलीकडच्या दशकांत आवृत्त्यांचा घोळ वाढतो: बातमी जिल्हा आवृत्तीत किंवा स्थानिक पुरवणीत येते आणि ग्रंथालयात जपलेली असते फक्त मुख्य आवृत्ती.

तारीख नसली तरी एक गोष्ट पुष्कळ घरांत असते, ती म्हणजे तिथी. साल विसरलेल्या माणसालाही श्राद्ध कोणत्या तिथीला व्हायचं हे आठवतं, आणि हा धागा फार कामाचा आहे. समजा, श्रावण वद्य षष्ठी. इंग्रजी कॅलेंडरवर ती साधारण महिनाभराच्या टप्प्यात पुढे-मागे सरकते. दहा वर्षांचा अंदाज असेल तर जुन्या पंचांगातून दहा तारखा काढा आणि प्रत्येक तारखेपुढचे दोन आठवड्यांचे अंक बघा, कारण बातमी दुसऱ्या दिवसापासून तेराव्यापर्यंत कधीही येते. सबंध दहा वर्षांच्या फायली उपसण्यापेक्षा हे काम पुष्कळ आटोक्यातलं. तिथी आणि तारखेची जोडी जवळजवळ दर १९ वर्षांनी पुन्हा जुळते, त्यामुळे दोन सालं बसतात असं वाटलं तर वार कुणाला आठवतो का ते विचारा.

कोतवाल बुक आणि मृत्यू नोंद

गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने याच वह्या मोठ्या प्रमाणावर तपासायला लावल्या, त्यामुळे कचेऱ्यांत निदान 'ही काय भानगड' असं विचारलं जात नाही. निधनवार्ता ज्यांना वगळते, ते सगळे इथे आहेत. जातीपातीचा, पैशाचा भेद न करता गावातला माणूस मेला की नोंद, असा हिशेब. वगळणूक झाली ती लिहिणाऱ्याच्या आळसाने किंवा साथीच्या धांदलीत.

पण वाचायला मोडी यावी लागते, नाहीतर वाचणारा गाठावा लागतो. आडनाव बहुधा नसतंच: 'रामा बिन गोविंदा', म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, बाई असेल तर 'सखू कोम रामा', म्हणजे रामाची बायको सखू. गावात तसे चार रामा असले की जात आणि वय यांवरून आपला निवडायचा, आणि वय तर अंदाजपंचेच लिहिलेलं. परिवार, व्याही, पत्ता यांतलं काहीही नाही.

शहरासाठी महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. १९६९ च्या नोंदणी कायद्यानुसार शुल्क भरून कुणालाही नोंद शोधून उतारा मागता येतो, फक्त उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. निधनवार्तेतलं कारणही 'अल्पशा आजाराने'च असतं, त्यामुळे घराण्यातले रोग शोधायचे असतील तर दोन्हीकडे निराशा आहे. आणखी एक ध्यानात ठेवा: नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. कोकणातलं माणूस मुंबईच्या इस्पितळात गेलं तर गावच्या वहीत त्याचा पत्ता नसतो.

निधनवार्ता आणि नोंद यांत एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच दुसरा माणूस समजू नका. शनिवारी रात्री दोन वाजता गेलेला माणूस घरच्यांसाठी शनिवारीच गेला, कचेरीसाठी रविवारी.

उपाध्यांची वही

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळी असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं. पिढ्या मागे जायचं असेल तर याला तोड नाही: पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ, खाली सही, त्यांच्या वडिलांचं-आजोबांचं नाव, पुष्कळदा आई-आजीचंही. वर्तमानपत्रं जिथे सुरूच झालेली नाहीत तिथवर ही वही नेते.

मृत्यूची तारीख मात्र ती थेट देत नाही. नोंद असते त्या दिवशी कोण आलं याची. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्याची नोंद मृत्यूच्या जवळची धरता येते. सिंहस्थाला आलेल्याची नाही. साल शकात दिलं असेल तर ७८ मिळवा, शके १८४० म्हणजे १९१८-१९. काशी-गयेच्या पंड्यांकडे गेलात तर आणखी सावध राहा. तिथे विक्रम संवत चालतो, त्यातून ५७ वजा, जानेवारी-मार्चमधली नोंद असेल तर ५६. महिनाही पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला भाद्रपद वद्य तिथे आश्विन कृष्ण होतो. हे माहीत नसलं की अख्खा महिना चुकतो. फोटो काढण्याआधी विचारा आणि दक्षिणेचं आधी बोलून घ्या.

जमीन असेल तर फेरफार आणि वारस नोंदी, म्हणजे गाव नमुना ६ आणि ६-क, विसरू नका. मयताची तारीख आणि वारसांची नावं एकत्र मिळतात. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत लेकी सहसा दिसत नाहीत. छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, असेल तर उत्तमच, पण त्याला पुरावा न मानता वाटाड्या माना.

तुमच्यापुरता निर्णय

घर शहरी, शिकलेलं आणि माणूस साधारण १९३० नंतर गेलेलं असेल तर तिथी विचारा आणि सरळ वर्तमानपत्रांकडे जा. घर शेतकऱ्याचं किंवा बलुतेदाराचं असेल तर आधी कोतवाल बुक आणि फेरफार. वर्तमानपत्रांत घालवलेला वेळ बहुधा वायाच जाईल. जात प्रमाणपत्रासाठी शोध असेल तर निधनवार्तेचा उपयोग जवळजवळ शून्य, तिथे सरकारी दफ्तरच लागतं. पणजोबांच्याही मागे जायचं असेल तर नाशिक.

हरवलेली आत्याआजी किंवा तुटलेली शाखा शोधत असाल तर मात्र वर्तमानपत्रच, आणि त्यातही एक युक्ती: तिची स्वतःची निधनवार्ता शोधू नका, सासरचं आडनावच माहीत नाही तर सापडणार कशी? तिच्या भावांच्या, आईवडिलांच्या जाहिराती काढा. शोकाकुलांच्या यादीत ती सासरच्या नावाने, नवऱ्यासकट उभी असते.