जुनी बुलेट 350 : टाकी राहू द्या, आधी ब्लॉक बघा

विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी जाहिरातीत नुसती ‘बुलेट 350’ असते. 2023 मध्ये नवं इंजिन येण्याआधीच्या गाड्यांत या नावाखाली तीन वेगळी इंजिनं रस्त्यावर आहेत : जुनं कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरचं), मधलं एव्हीएल (अॅल्युमिनियम सिलिंडरचं, पण गिअरबॉक्स वेगळा) आणि नंतरचं यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र), आणि तिघांचे पार्ट्स, दुरुस्ती, भाव सगळं वेगळं. टाकीचा लोगो, साइड पॅनल, सायलेन्सर दुपारभरात बदलून मिळतात, त्यामुळे ते पुराव्यात धरायचे नाहीत. आरसीवरचा सीसीचा आकडाही कामाचा नाही. बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90 मिमी, म्हणजे तिन्ही 346 सीसीच.

बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, खालच्या पट्ट्यांना लावायचा, वरच्या झाकणाला, म्हणजे हेडला नाही. हेड तिन्हींचं अॅल्युमिनियमचंच असतं. टपकन चिकटला तर कास्ट आयर्न. नाही चिकटला तर एव्हीएल किंवा यूसीई. ब्लॉकवर चंदेरी रंग मारून ‘अॅल्युमिनियम इंजिन’ म्हणून खपवणारे भेटतात, त्यांचा प्रश्न इथेच मिटतो.

पुढची खूण गिअरबॉक्सची. इंजिनच्या मागे तो वेगळ्या घरात, स्वतंत्र बोल्टांवर बसवलेला दिसला तर कास्ट आयर्न किंवा एव्हीएल. इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असेल तर यूसीई, आणि 350 मध्ये हेडला दोन स्पार्क प्लग मोजून घ्या. उजव्या पायाचा गिअर मात्र पक्की खूण नाही. पहिला वर, बाकी तीन खाली हा जुना चार गिअरचा प्रकार खरा. पण पाच गिअरचं डाव्या पायाचं कास्ट आयर्नही कंपनीतूनच निघालंय, शिवाय किट टाकून गिअर डावीकडे घेतलेल्या गाड्या आहेतच.

नावं तर आणखी घोळ घालतात. इलेक्ट्रा आधी कास्ट आयर्न इंजिनात आली, नंतर ट्विनस्पार्क, म्हणजे दोन प्लगची यूसीई, झाली. थंडरबर्ड 2002 मध्ये एव्हीएल होती, 2009 पासून यूसीई. ‘इलेक्ट्रा आहे’ एवढ्यावर भाव ठरवू नका.

तिघांत कोणती घ्यावी? गावात जुना, हात बसलेला मिस्त्री असेल तर कास्ट आयर्न. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग), कार्ब्युरेटर सगळं साध्या पान्यांवर होतं. डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरखाली (क्लचवरचं झाकण) ऑइलचे थेंब बहुतेक दिसणारच. ते कव्हर मधल्या एकाच नटवर बसतं, आणि गळती थांबवायला नट करकचून आवळला की कव्हर वाकून गळती वाढते. घासाघीस जरूर करा, पण तेवढ्यासाठी गाडी सोडू नका. रोज ऑफिसला न्यायची असेल तर यूसीई बरी. टॅपेट हायड्रॉलिक असल्याने सेट करायची कटकट नाही. फक्त थंड इंजिनावर सेल्फ मारून बघा. खडाक् आवाज आला किंवा मोटर नुसतीच फिरली तर स्प्रॅग क्लच (सेल्फची मोटर इंजिनला जोडणारा भाग) गेलेला असू शकतो, आणि तो बदलायचा म्हणजे डावी बाजू उघडावी लागते. बॅटरी कमजोर ठेवून सेल्फ मारत राहिलं की हा पार्ट लवकर जातो. एव्हीएल चालायला गोड, पण थोडीच वर्षं निघाली. पार्ट मिळवण्याची चिकाटी असेल त्यानेच घ्यावी.

एम-परिवहन अॅपवर नोंदणीची तारीख आणि विमा कळतो, तेवढ्यासाठी ते उत्तम. इंजिनची पिढी मात्र त्यावरून ठरवू नका, जुन्या नोंदीत मॉडेल मोघमच असतं. त्यापेक्षा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत छाप घेतात तशी. अक्षरं ओळीत नसली, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असले किंवा नेमका तेवढ्याच जागी ताजा रंग असला तर तिथून निघा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला टोकनही देऊ नका, ट्रान्सफर तिथेच अडकते.