बिजागरीचा नी-ब्रेस: वापरानंतरचे मत

संधिवातामुळे गुडघ्यातून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या वेदनांसाठी मी दोन्ही बाजूंना बिजागरीच्या पट्ट्या असलेला नी-ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, नियमितपणे वापरते. जिना उतरताना डळमळणारा गुडघा त्यामुळे सावरला जातो आणि पाऊल टाकण्याची धास्ती बरीच ओसरते, हा त्याचा मोठा गुण आहे. खरेदीपूर्वी गुडघ्याबरोबरच मांडीचेही माप घ्यावे, कारण सैल ब्रेस चालताना खाली घसरतो आणि फार घट्ट बसल्यास पोटरीवर सूज येते. गुडघ्यामागची जाड शिवण मात्र घामाने काचते. ती उत्पादकाने बदलायलाच हवी. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) कोणत्याही ब्रेसने भरून येत नाही, म्हणून पाय सरळ ठेवून उचलण्यासारखे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने चालूच ठेवावेत.