आईसाठी चार चाकांचा वॉकर घेतला, आठ महिने वापरल्यानंतर लिहितेय

आई ७८ ची आहे. आधी काठी होती, पण काठीने तोल सांभाळला जातो, दमणं थांबत नाही. शंभर-दीडशे पावलं झाली की तिचे पाय भरून यायचे आणि वाटेत टेकायला कुठेच जागा नाही म्हणून मग ती बाहेर पडणंच टाळायला लागली, कोणी विचारलं की "आज नको, उद्या बघू". शेवटी फिजिओथेरपिस्टने सुचवलं म्हणून हा सीटवाला, चार चाकांचा वॉकर घेतला ज्याला रोलेटर म्हणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या वॉकरला लागू आहे.

सगळ्यात मोठा फायदा सीटचा. खरंच, बाकी काही नसतं तरी चाललं असतं. दमली की ब्रेकच्या मुठी खाली दाबायच्या, खट् असा आवाज आला की चाकं लॉक, मग वळून बसायचं. पहिल्या आठवड्यात ती दर पन्नास पावलांवर बसायची, आता बस स्टॉपपर्यंतच्या वाटेत एकदाच बसते. हा प्रकार १९७८ मध्ये स्वीडनच्या आयना विफाल्क यांनी काढला, त्यांना स्वतःला पोलिओ झालेला होता, आणि वापरताना ते जाणवतं हो, कारण ज्याला वाटेत बसावं लागतं त्यालाच हे सुचणार.

एक गोष्ट मात्र घेण्याआधी नक्की बघा. ज्यांना सगळं वजन हातावर टाकून चालावं लागतं किंवा ज्यांचा तोल पुढे जातो त्यांच्यासाठी हा नाही, चाकं पळतात आणि माणूस मागे राहतो. त्यांना बिनचाकी किंवा दोन चाकांचा वॉकर लागतो, हे दुकानदाराला नाही, डॉक्टर किंवा फिजिओला विचारा. उंची लावताना हात सैल सोडून उभं राहायचं, मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. आमचा आधी दोन खाचा वर लावला होता तर आईचे खांदे दुखायला लागले, खाली घेतल्यावर दोन दिवसांत थांबलं.

आता चाकांबद्दल, इथे माझी चूक झाली. मी ६ इंची चाकांचा घेतला कारण वजनाला हलका होता आणि घरात छान वळायचा. रस्त्यावर गेलो आणि तिसऱ्याच दिवशी पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. जाळीच्या फटी चालायच्या दिशेनेच होत्या, आडव्या असत्या तर काही झालं नसतं, चाक सरळ आत गेलं, वॉकर जागच्या जागी थांबला आणि आई पुढे झुकली. मी दंड धरला म्हणून पडली नाही पण त्यानंतर किती तरी वेळ तिचा हात माझ्या हातात थरथरत होता. बदलून ८ इंची घेतला, तो फरशीच्या सांध्यावरून, छोट्या खड्ड्यावरून जातो. बाहेर वापरायचा असेल तर ६ इंची घेऊच नका, दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही सारखेच वाटतात.

फूटपाथवरून उतरायला नीट उतार असेल तर आई एकटी जाते. १२ फुटांना १ फूट चढ असा जो उतार रॅम्पसाठी धरतात तेवढा असला की तिला माझी गरज लागत नाही. पण खूप ठिकाणी एका बाजूला उतार असतो आणि पलीकडे सरळ पायरी, म्हणजे रस्ता ओलांडून झाल्यावर ती चालत्या गाड्यांच्या बाजूला उभी राहून पुढची चाकं उचलायचा प्रयत्न करते. हे मी बघूच शकत नाही.

आणि सिग्नल. यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. आईचा वेग मी टेपने १० मीटर मोजून काढला, १३ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरच्या जरा वर. मला वाटलं तिचाच वेग कमी असेल पण तसं नाहीये, इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्यांची चाल मोजली तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ आणि बायकांची ०.८ मीटर निघाली, आणि तेव्हा तिथल्या सिग्नलचा हिशोब माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असा धरलेला! १४ मीटरचा रस्ता घ्या, १.२ ने गेलात तर १२ सेकंदात पार, आईला १८ लागतात. सहा सेकंद ती रस्त्याच्या मधोमध असणार आणि समोरचे लोक क्लच सोडायला लागलेले असणार. वॉकर कितीही चांगला घ्या, हे सहा सेकंद तो देऊ शकत नाही, ते सिग्नलचं टायमिंग लावणाऱ्यानेच द्यायचे असतात आणि देता येतात. अमेरिकेने २००९ च्या नियमावलीत हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला. सिंगापूरने त्याच वर्षी ज्येष्ठांचं कार्ड सिग्नलच्या खांबाला टेकवलं की हिरवा माणूस जास्त वेळ राहील अशी सोय सुरू केली, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. वळणाऱ्या गाड्यांच्या आधी चालणाऱ्यांना ३ ते ७ सेकंद हिरवा द्यायची पद्धतही आहे, तेवढ्यात माणूस गाडीवाल्याला दिसेल इतका पुढे जातो. कार्डाची सोय सोडली तर मशीन तेच, खांब तोच, फक्त आकडा बदलायचा.

बसमध्ये वॉकर चढवणं ड्रायव्हरवर अवलंबून आहे. लो फ्लोअर बस असेल, ती फूटपाथला चिकटून थांबली आणि दाराची बाजू खाली झुकवली तर आई स्वतः चढते. बस हातभर लांब थांबली की तीच बस काही कामाची नाही, कारण मग आधी रस्त्यावर उतरा आणि मग वर चढा. चढल्यावर वॉकरच्या सीटवर अजिबात बसायचं नाही, बस हलली की तो घसरतो, ब्रेक लॉक करून बसच्या सीटवरच बसायचं. आणि ती बसेपर्यंत बस सुटू नये हे मी आता दरवेळी मोठ्याने सांगते, "दादा, आई बसू दे मग काढा", कारण बसमध्ये म्हातारी माणसं टक्कर होऊनच पडतात असं नाही, नुसत्या सुटतानाच्या हिसक्याने किंवा ब्रेकनेही पडतात. एका ड्रायव्हरने आरशात बघून मान हलवली आणि ती टेकेपर्यंत थांबला, आई घरी येऊन दोनदा ते सांगत होती.

ब्रेकची वायर चार महिन्यांत सैल झाली, चाकाजवळचा नट फिरवून घट्ट करता येते पण हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, लॉक केल्यावर ढकलून बघायची सवय ठेवा. घडी घातली तरी अवजड आहे, माझ्या आईला तो एकटीने उचलून ठेवता येत नाही. म्हणून पाचपैकी चार स्टार.

सिग्नलच्या सेकंदांबद्दल मी लेखी अर्ज दिलाय, रस्त्याची रुंदी आणि आईचे १८ सेकंद दोन्ही लिहून. तोपर्यंत आई त्या चौकातून जातच नाही. पुढे एक क्रॉसिंग आहे तिथे मध्ये रुंद दुभाजक आहे, वॉकर घेऊन नीट उभं राहता येतं, त्यामुळे रस्ता दोन तुकड्यांत पार होतो. थोडं लांब पडतं. ती म्हणते, "असू दे गं, वाटेत बसेन", आणि दुभाजकावर पोचली की आधी ब्रेक लॉक करते, मग पदर नीट करते आणि पुढच्या हिरव्याची वाट बघते.