उंदीर की झेब्राफिशची पिल्लं?

जिवाणू-संसर्गातल्या प्रतिकारशक्तीवर पीएचडी करायची ठरली की पुण्यातल्या गणेशखिंड-पाषाण भागातल्या लॅबमध्ये नव्या मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो: प्रयोगासाठी उंदीर घेऊ की झेब्राफिश हा छोटा मासा? मी दोन्हींवर काम केलंय, त्या अनुभवावरूनच सांगतो.

तुमचा प्रश्न लस, अँटिबॉडी किंवा टी-पेशींचा असेल, तर उंदीरच घ्या. माशाच्या पिल्लात सुरुवातीचे काही आठवडे फक्त जन्मजात प्रतिकारशक्तीच काम करते; अँटिबॉडी आणि टी-पेशींची यंत्रणा नंतर तयार होते. शिवाय उंदरासाठी हवी ती अँटिबॉडी मिळते, हवा तो जीन बंद केलेला वाण मिळतो. ही सोय फार मोठी आहे.

तरी उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत साधारण ५० ते ७० टक्के न्यूट्रोफिल (संसर्गाकडे आधी धावणाऱ्या पेशी), उंदरात १० ते २५. टायफॉईडचा साल्मोनेला टायफी साध्या उंदराला लागतच नाही, म्हणून सगळे टायफीम्युरियम हा त्याचा उंदराला लागणारा भाऊबंद वापरतात. त्यातही ब्लॅक सिक्स आणि बाल्ब-सी या दोन्ही वाणांत एनरॅम्प-१ हा साल्मोनेलासारख्या जिवाणूंना आवर घालणारा जीन जन्मतःच निकामी असतो. तुमचा उंदीर साल्मोनेलाने पटकन दगावला, तर त्यात जिवाणूचा प्रताप किती आणि वाणाचा दुबळेपणा किती, हे आधी तपासा.

पण माझं मन उंदरावरून उडालं ते वेगळ्याच कारणाने. संसर्गानंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी काय घडतं हे बघायचं, तर दर वेळी वेगळे उंदीर मारावे लागतात. प्लीहा काढायची, वाटायची, डायल्यूशन करून प्लेटवर पसरायची, दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या कॉलन्या मोजायच्या. एकाच गटातल्या चौघांचे आकडे जवळपास, आणि पाचव्याचा शंभरपट. का? त्याला टोचतानाच जिवाणू जास्त गेले, की त्याचे मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पेशी, उशिरा पोचले? हे शोधायला तो उंदीर आता नसतो. चमकणारे जिवाणू वापरले तर जिवंत उंदरातही संसर्ग दिसतो, मान्य. पण दिसतो तो प्रकाशाचा ठिपका, पेशी नाही.

झेब्राफिशचं दोन दिवसांचं पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं आणि पारदर्शक. काचेच्या बारीक सुईने शेपटीजवळच्या शिरेत लाल चमकणारे जिवाणू सोडायचे, पातळ अॅगरोजच्या जेलीत पिल्लू आडवं ठेवायचं आणि बघत बसायचं. हिरवा चमकणारा मॅक्रोफेज सरकत येतो, जिवाणूला कवेत घेतो. कधी पचवतो, कधी आत जिवाणूच वाढू लागतो. उद्या परत तेच पिल्लू, तीच जागा. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २००२ मध्ये याच पिल्लांत मायकोबॅक्टेरियम मरिनम या क्षयाच्या जिवाणूच्या, माशांना लागणाऱ्या भाऊबंदाचा संसर्ग बघितला. टी-पेशी नसतानाही ग्रॅन्युलोमा (जिवाणूंभोवती जमलेली प्रतिकारपेशींची गाठ) तयार होऊ लागतो, हे तिथे दिसलं. पुढे २००९ मध्ये कळलं की जिवाणू त्याच ग्रॅन्युलोमाचा पसरण्यासाठी उपयोग करून घेतात. नुसत्या कॉलन्या मोजून हे हाती लागलं असतं, असं मला वाटत नाही.

अडचणी आहेतच. मासे राहतात २८ अंशांना. ३७ अंशांनाच ज्याची आक्रमकता जागी होते, असा जिवाणू इथे फसवा ठरेल. मरिनमला ३० च्या आसपासच मानवतं, म्हणून त्याची जोडी जमते. गुरुवारी पाणी बंद असलं की टाक्यांसाठी आदल्या दिवशीच साठवण करावी लागते, आणि मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला तर धावपळ. अॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेले मासे तर थेट टाकीत सोडूच नका. ते स्वतःचे मायकोबॅक्टेरिया घेऊन येऊ शकतात. वेगळे ठेवा, त्यांची अंडी निर्जंतुक करून घ्या आणि त्या अंड्यांतूनच पुढची पिढी वाढवा.

मेणकिड्याच्या अळीबद्दलही विचारतात. ती ३७ अंशांना राहते, संसर्ग झाला की काळी पडते. एकाच जिवाणूच्या दहा स्ट्रेनमधला (उपप्रकारांतला) जहाल कोणता, एवढंच बघायचं असेल तर उत्तम. त्यापुढे तिच्यासाठी साधनं अपुरी पडतात.

तुमच्या विषयानुसार निवड बदलेल. पण प्रश्न 'पहिल्या दोन-तीन दिवसांत कोणती पेशी कुठे गेली आणि तिने काय केलं' असा असेल, तर मी पिल्लांपासून सुरुवात करेन आणि उंदीर शेवटच्या खात्रीसाठी राखून ठेवेन. तोवर नेमका कोणता दिवस आणि कोणता अवयव बघायचा हे ठाऊक झालेलं असतं, त्यामुळे उंदीरही बरेच कमी मारावे लागतात आणि एथिक्स कमिटीसमोर तो आकडा मांडणंही सोपं जातं.