हिवाळ्यात उद्यान खुले की बंद?

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या दोन मोठ्या मनोरंजन उद्यानांनी हिवाळ्यासाठी निरनिराळे मार्ग धरले आहेत. सिनसिनाटीजवळच्या किंग्ज आयलंडने २०१७ मध्ये नाताळचा ‘विंटरफेस्ट’ पुन्हा सुरू केला. तेथे प्रवेशद्वारासमोरच्या लांबट कारंज्याच्या जागी बर्फावर स्केटिंग चालते आणि आयफेल टॉवरची प्रतिकृती दिव्यांनी नाताळवृक्षासारखी उजळते, मात्र कडाक्याच्या थंडीमुळे बहुतेक मोठे रोलर कोस्टर बंदच असतात.

ईरी सरोवरात शिरलेल्या चिंचोळ्या भूभागावरचे सीडर पॉइंट शरद ऋतू सरताच दारे लावते. उघड्या पाण्यावरून येणारा बोचरा वारा पाहता हे मला रास्त वाटते. शिवाय गाड्या सुट्या करून एकेक चाक तपासायला कामगारांना निवांत महिने मिळतात. जवळ मोठे शहर असेल, तर मात्र माझा कौल उत्सवाला आहे.