अनाथांची गाडी की कॅनडाची बोट: आधी काय वाचावं?

परमुलखात धाडलेल्या पोरांवरच्या श्रद्धाप्रधान ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायच्या, तर दोन वाटा आहेत: अमेरिकेतल्या 'ऑर्फन ट्रेन'च्या आणि ब्रिटनमधून कॅनडाला पाठवलेल्या 'होम चिल्ड्रन'च्या. दोन्हीकडच्या बऱ्याच वाचून झाल्यात, म्हणून सांगतो.

पकड गाडीच्या कादंबऱ्यांची जास्त. १८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्कसारख्या शहरांतून मुलं गाडीत बसवून पश्चिमेकडे नेत. गावच्या चर्चमध्ये नाहीतर नाट्यगृहात ती ओळीनं उभी राहत, शेतकरी दंड चाचपून पोरगा निवडत. भाऊ एका घरी, बहीण दुसऱ्या. तिथं पोटात तुटतंच. पुढं मायाळू घर, प्रार्थना, लग्न. मन खचलेलं असताना याच बऱ्या.

खटकलं ते एकच. रोज संध्याकाळी मी वाचलेलं आईला सांगतो. ती कोल्हापूरकडच्या वळिवड्याजवळची, १९४३ ते ४८ तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथली पोरं तिनं लहानपणी पाहिलेली. तिसऱ्या कादंबरीला ती म्हणाली, "अरे, ह्या पोरांच्या आया गेल्या कुठं?" पहिल्याच प्रकरणात तापानं गेलेल्या! प्रत्यक्षात गाडीतल्या कित्येकांचे आई किंवा वडील जिवंत होते. खायला घालता येईना म्हणून पोर सोडलेलं. लेखकानं आईच काढून टाकली की नवं घर आपलं मानणं मुलाला काहीच जड जात नाही. मग देवावरचा भरवसाही मला फार सहज मिळालेला वाटतो. आईच्या त्या प्रश्नानंतर माझं मन त्या गोष्टींत पुन्हा रमलं नाही.

कॅनडाच्या कादंबऱ्या संथ असतात. गोठा, बर्फ, पुन्हा गोठा. पहिली पन्नास पानं नेटानं काढावी लागतात. १८६९पासून लाखभर मुलं तिकडं गेली, त्यातली बरीचशी करारावर राबायला: मुलगे शेतावर, मुली घरकामाला. पण मी वाचलेल्यांत आई बहुधा जिवंत असते. एकीत तर पोराच्या लाकडी पेटीत कपड्यांखाली बायबल, आणि बायबलात आईच्या पत्त्याचा चिटोरा. ते पोर रात्री देवाशी भांडतं, सकाळी धारा काढतं. त्याला माया लावणारं माणूस भेटतं तेही उशिरा, आणि तरी चिटोरा तिथंच असतो.

तुमची आवड वेगळी असू शकते. गोड शेवट हवाच असेल तर गाडी धरा. मी मात्र पेटीवाल्या पोरापासून सुरुवात करीन. ती कादंबरी संपायला आठवडा लागला, आणि रोज संध्याकाळी आईचा पहिला प्रश्न एकच: "पत्र आलं का रे त्याच्या आईचं?"